दिल्लीचं दुपारचं विमान

विमानतळाच्या पार्किंगखाली एक ओढा आहे. आता हे फार थोड्यांना माहीत असेल. गेल्या महिन्यात लेकीला दिल्लीच्या विमानात बसवायला गेले होते. पुढच्या शिक्षणासाठी ती पहिल्यांदाच एकटी निघाली होती. गाडीतून उतरले तेव्हा पायाखाली सिमेंट होतं, त्यावर पिवळे पट्टे होते, बाण होते. पण जमिनीचा तो हलका उतार पावलांनी बरोबर ओळखला. इथूनच खाली बाभळी सुरू व्हायच्या. मी थबकले आणि मान आपोआप वर गेली. पांढुरकं, मोकळं, दुपारचं आकाश.

"आई, वर काय बघतेस?"

"घारी नाहीत ना, ते."

"घारी?" लेकीने बॅगेची मूठ दुसऱ्या हातात घेतली. "आई, प्लीज. मला उशीर होतोय."

काचेच्या दारातून ती आत गेली. विमान सुटेपर्यंत बाहेरच थांबायचं मी ठरवलं होतं. एका खांबाला टेकून उभी राहिले. बाजूने गाड्या येत होत्या, चाकांच्या बॅगा खडखडत होत्या, आणि मला मात्र ओल्या गोणपाटाचा वास येऊ लागला.

आमची वाडी धावपट्टीच्या कुंपणाला खेटून होती. वाडीच्या एका अंगाला ओढा, ओढ्यापलीकडे मुसलमानांचा मोहल्ला, आणि वरच्या अंगाला टेकडीच्या पायथ्याशी गाव. गावात मारुतीचं देऊळ, शाळा आणि हरिभाऊंचं मंगल कार्यालय. मोहल्ल्यात मशीद, गॅरेज आणि मटणाची दुकानं. आमच्या वाडीत नुसती फुलं.

गुलछडी. शहरातले लोक निशिगंध म्हणतात. आमच्या घरी हा शब्द कुणी उच्चारला असता तर पाहुणे आलेत की काय, असं वाटलं असतं. गुलछडी पहाटे तोडावी लागते. दांड्याच्या खालच्या कळ्या फुगून उमलायच्या बेतात असतात आणि वरच्या अजून हिरव्या, घट्ट असतात, तेव्हाच. दवाने सलवार गुडघ्यापर्यंत भिजायची. हातात विळा, काखेत दांड्यांची मोळी, आणि बांधावरच्या चुलीतून येणारा चहाचा धुरकट वास. उजाडेपर्यंत आई गोणपाटावर बसून जुड्या बांधायची. जुडीला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायचा, पुठ्ठ्याच्या खोक्यात डोक्याकडे शेपूट करून रचायचं, पाणी शिंपडायचं. मग मी अंघोळ करून बस पकडून कर्वेनगरच्या कॉलेजात जायची. वर्गात शेजारची मुलगी विचारायची, "कुठलं सेंट लावतेस गं?" मी हसून वही उघडायची. तिला काय सांगणार? तो वास साबणाने जात नव्हता, आणि जावा असं मला कधी वाटलंही नाही.

फुलं न्यायला मुनीरचाचांचा टेंपो यायचा. निळा, एका बाजूला जरा कललेला. सकाळीच ते लोणी काळभोरला जाऊन तिथल्या बागायतदारांची खोकी भरून आणत, मग आमच्या वाडीतली घेत आणि विमानतळाच्या मालाच्या शेडवर नेऊन देत. त्यांचा हॉर्न लांबलचक होता आणि शेवटी त्याला उचकी लागायची. हॉर्न ऐकला की आण्णा, म्हणजे माझे वडील, बांधावरूनच ओरडत, "आला बघा लाटसाहेब!" मुनीरचाचा खिडकीतून डोकं काढून म्हणत, "आण्णा, फुलं द्या, भाषण नको." आणि मग दोघं एकाच पितळी पेल्यातला चहा बशीत ओतून अर्धा अर्धा पीत. हे वर्षानुवर्षं चाललं होतं. त्या दोघांना भाऊ म्हणावं असं कधी कुणाला सुचलं नाही, कारण भाऊ इतके रोज भेटत नाहीत.

दुपारी विमान यायचं. दिल्लीहून यायचं आणि थोडा वेळ थांबून परत दिल्लीला जायचं. वाडीला वेगळ्या घड्याळाची गरज नव्हती. आधी लांबून एक खर्ज लागायचा, मग मांडणीतली भांडी एकमेकांना कुजबुजल्यासारखी वाजायची, पाळण्यातली पोरं डोळे उघडायची, आणि मग पिंपळाच्या शेंड्यावरून ते प्रचंड पांढरं पोट सरकत जायचं. मागे रॉकेलसारखा गरम वास. आई पापड वाळत घालत असली तर हात कपाळावर धरून बघायची आणि म्हणायची, "आलं गं बाई सुखरूप." जणू माहेरचं कुणी आलंय. परत जाताना ते आमची फुलं पोटात घालून जायचं. दिल्लीतली लग्नं आमच्या फुलांनी सजतात, हे आम्हांला ऐकून माहीत होतं; बघितलेलं कुणीच नव्हतं.

दुपारी धावपट्टीभोवतीची माती तापली की वारा वर चढतो. त्या वाऱ्यावर घारी चढतात. पंख न हलवता, गोल गोल, एकीवर एक. लहानपणी मी बाजेवर पडून त्यांचे फेरे मोजायची आणि मोजता मोजता झोपून जायची. मी कॉलेजात असतानाच्या एका वर्षी घारी फार झाल्या होत्या. ओढ्यावर त्यांची जत्राच भरायची. आम्हांला त्याचं काही वाटलं नाही. घारी आपल्या घारी, विमान आपलं विमान.

माघातल्या एका दुपारी विमान उतरताना घार इंजिनात गेली. असा आवाज झाला की आमच्या दारातली म्हैस दावं तोडून पळाली. विमान उतरलं, माणसं सगळी धडधाकट होती, पण ते विमान काही दिवस तिथेच कडेला उभं राहिलं, पाय मोडलेल्या जनावरासारखं. त्याआधीही दोनदा घारी धडकल्या होत्या म्हणे. विमान कंपनीने सांगितलं, दुपारचं विमान आता रोज येईलच असं नाही. आणि खरोखर तसंच झालं. कधी यायचं, कधी घिरट्या घालून मुंबईला निघून जायचं, कधी दिल्लीहूनच निघायचं नाही.

मुनीरचाचा भरलेला टेंपो घेऊन जात आणि भरलेला टेंपो घेऊन परत येत. रस्त्याने पाठवावीत तर दिल्ली लांब, आणि गुलछडी वाट बघत नाही. कापली की ती उमलतच जाते. परत आलेली खोकी आम्ही ओसरीवर उघडून ठेवायचो. दुपारपर्यंत सगळ्या कळ्या फुटायच्या. त्या दिवसांत आमच्या वाडीला जो वास होता, तो मी पुन्हा कुठे घेतला नाही. घराघरांत, गोठ्यात, दुधाला, भाकरीला, पोरांच्या केसांना. आधी गोड, मग जड, आणि संध्याकाळी डोकं धरायला लावणारा. आई गजरे करून देवळात पाठवायची, दर्ग्याला पाठवायची, शाळेतल्या बाईंना पाठवायची. शेवटी घ्यायला कुणी उरलं नाही. मग आण्णा फावड्याने फुलं ओढून ओढ्यात लोटायचे आणि घरात येऊन पाठ करून निजायचे.

विमानतळावर आपटेसाहेब होते. शनिवार पेठेतले. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा, बोलणं थंड. तिन्ही वस्त्यांची माणसं त्यांच्याकडे गेली. अर्ज मी लिहिला होता म्हणून आण्णांनी मलाही नेलं. सगळे उभेच होते. आपटेसाहेबांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं.

"आपलं म्हणणं, विमान रोज यावं."

"व्हय साहेब," आण्णा म्हणाले.

"माझंही तेच म्हणणं आहे. पण कंपनीला मी काय कळवू? घारींना नोटीस बजावली आहे म्हणून?" त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "त्या खालच्या ओढ्यात त्यांची रोज पंगत उठते. कुंपणाच्या आत मी बघतो. कुंपणाच्या बाहेर मला कोण विचारतो? हंगाम संपला की कंपनी हे विमान कायमचं बंद करायचं की ठेवायचं, ते ठरवणार आहे. आपण आधी ठरवा, ओढा कुणाचा ते."

ओढा कुणाचा, यावर तिथेच जुंपली. हरिभाऊ म्हणाले, हाडं मोहल्ल्यातून येतात. मोहल्ल्यातला कुणी म्हणाला, पत्रावळी काय आभाळातून पडतात? आवाज चढत गेले. आणि आण्णा, जे कधी चारचौघांत बोलत नसत, ते एकदम म्हणाले, "घार पानं खात न्हाई. मांस खाते. आता मांस कुनाचं, ते कुनी सांगाय पायजे का?"

मुनीरचाचांच्या थोरल्या भावाचं मटणाचं दुकान होतं.  मुनीरचाचांनी आण्णांकडे असं बघितलं, जसं माणूस स्वतःच्या घराचा पत्ता विसरल्यावर दाराकडे बघतो. मग टोपी सारखी केली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. विमान यायचा संभव असेल त्या दिवशी आण्णा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खोकी घालून स्वतः जायचे आणि तोंड न उघडता परत यायचे. चहाचा पेला भरायचे, अर्धा प्यायचे, अर्धा तसाच राहायचा. आई तो उचलून मोरीत ओतायची.

एका दुपारी आईने सूपभर गुलछडी घेतली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि मला म्हणाली, "चल गं." आम्ही ओढ्यावरच्या फरशी पुलावरून मोहल्ल्यात गेलो. रशीदाचाची, मुनीरचाचांची बायको, दारात तांदूळ निवडत होती. तिने आम्हांला बसा म्हटलं, पाणी दिलं, पण नजर ताटातून वर उचलली नाही.

"भाभी, आण्णांनी एकट्यात म्हटलं असतं तर चाललं असतं," ती म्हणाली. "सगळ्यांच्या समोर म्हटलं. तिथून आल्यापासून ते नीट जेवले नाहीत."

"आमचं बी न्हाय जेवत," आई म्हणाली. "चुकलं त्यांचं. पर मी त्यांच्या वतीनं माफी मागाय न्हाय आले. ती त्यांनी मागावी. मी येगळंच इचारते. वढ्यात काय हाय, ते कुनी उतरून बगितलंय का?"

"कोण उतरणार त्या घाणीत?"

"आपुन."

रशीदाचाचीने पहिल्यांदा वर पाहिलं. ताट बाजूला ठेवलं आणि चपला घातल्या.

आम्ही तिघी नाकाला पदर आणि ओढण्या लावून बाभळीतून खाली उतरलो. वर घारी शीळ घालत होत्या. लहान असताना याच ओढ्यात आम्ही खेकडे धरले होते, अळूची पानं काढली होती. आता पाणी काळं पडलेलं. मंगल कार्यालयाच्या पत्रावळी, शिळ्या भाताचे आणि जिलबीचे लगदे. हमरस्त्यावरच्या ढाब्याची कोंबडीची पिसं. मटणाच्या दुकानाची दोन गोणती, शिवण उसवलेली. आमच्या गुलछडीचा कुजून तपकिरी झालेला ढीग. आणि ढिगाच्या कडेला एक वासरू. अर्धं उरलेलं. गळ्यात निळ्या मण्यांची दोरी.

ती दोरी आईने स्वतः वळली होती. पौषात आमचं वासरू मेलं, तेव्हा आण्णा ते गाडीत घालून घेऊन गेले होते आणि येऊन म्हणाले होते, पुरलं.

आईने वाकून ते मणी बोटाने चाचपले. मग म्हणाली, "हे आमचं हाय, रशीदा."

रशीदाचाची तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. पायाने गोणत्याकडे दाखवत म्हणाली, "आणि ते आमचं."

त्या दोघी तिथे, त्या घाणीत, एकमेकींच्या दंडाला धरून उभ्या होत्या. मला त्या वेळी वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, मला हायसं वाटलं.

संध्याकाळी आण्णा जेवायला बसले. आईने भाकरी वाढली, कालवण वाढलं, आणि सरळ विचारलं, "वासरू कुठं पुरलं हुतं?"

आण्णांचा हात थांबला. "जिमीन लई टणक झाली हुती," ते ताटाकडे बघत म्हणाले. "कुदळ बी लागंना. म्हनलं, कोन बगतंय."

"घारींनी बगितलं," आई म्हणाली, आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा गॅरेजकडे निघाले. मीही मागोमाग गेले. त्यांनी नको म्हटलं नाही. मुनीरचाचा टेंपोखाली होते, नुसते पाय दिसत होते. भोवती पाच-सहा माणसं.

"मुनीर, भाईर ये."

"कोण हाय?"

"आवाज वळखंना व्हय?"

"वळखतो ना. मीटिंगपासून तर चांगलाच वळखतो." पाय हलले नाहीत.

आण्णांनी टोपी काढून हातात घेतली. "वढ्यात वासरू हाय. घारी त्याच्यावरच हायेत. ते माजं हाय. म्या टाकलं, आन् पुरलं म्हनून सांगितलं. तुला सगळ्यांसमोर बोललो, म्हनून सगळ्यांसमोर सांगतोय."

गॅरेजमध्ये कुणीतरी ठोकत होतं, तेही थांबलं. थोड्या वेळाने मुनीरचाचा सरपटत बाहेर आले. तोंडाला, दाढीला काळं वंगण.  मग फडक्याने हात पुसत म्हणाले, "घारीला पण कळतं, आण्णांच्या घरचं चांगलं असतं." आणि वळून ओरडले, "अरे, दोन चाय सांगा. नाही, एकच सांगा. मोठा."

तिथून पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात घाणीचे आणि सगळ्यात सुंदर होते. हरिभाऊ आधी कुरकुरले. कार्यालयाचं नाव खराब होईल म्हणाले. मग आई आणि रशीदाचाची त्यांना हाताला धरून ओढ्यात घेऊन गेल्या. वर आल्यावर त्यांनी टेकडीमागची आपली पडीक जमीन देऊ केली. धावपट्टीपासून ती लांब होती, मधे अख्खी टेकडी. तिथे खड्डे घ्यायचे ठरले. ट्रॅक्टर वाडीचे, कुदळी-पहारी गॅरेजच्या पोरांच्या, चुना गावाने आणायचा. वारांवरून मात्र मोठी चर्चा झाली. रविवारी कार्यालयात लग्नं, शुक्रवारी मोहल्ल्याची नमाज, गुरुवारी वाडीतल्या निम्म्या बायकांचा उपास. अखेर शुक्रवारी नमाजेनंतर मोहल्ला, बुधवारी वाडी आणि सोमवारी गाव, असं ठरलं, आणि ठरल्यावरही सगळे सगळ्या दिवशी येतच राहिले. मटणाच्या दुकानांनी झाकणाचे पिंप आणले. गावच्या शेतांतली गव्हाची काडं त्या वर्षी कुणी जाळली नाहीत, कारण जाळलं की उंदीर-किडे पळतात आणि त्यांच्यामागे पाखरं येतात. काडं नांगरून टाकली. काडांच्या धुराशिवायचा तो पहिला फाल्गुन. संध्याकाळचं आभाळ कसं धुतल्यासारखं दिसायचं.

ओढा उपसताना आम्ही बायका कडुलिंबाचा पाला जाळायचो. त्याचा कडू धूर, ओल्या चुन्याचा वास, घामाचा वास, आणि मधेच वाडीकडून झुळूक आली की गुलछडी. रशीदाचाची खणताना गाणी म्हणायची, आईला शब्द कळायचे नाहीत, ती नुसतीच शेवटचा सूर ओढायची. आपटेसाहेब कुंपणाच्या आतून रोज फेरी मारायचे. एकदा थांबून म्हणाले, "छान. पुणेकर असून आपण काम करताय, हे वर कळवायला हवं." पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरून ताकाची बरणी येऊ लागली.

घारी एकदम गेल्या नाहीत. रिकाम्या ओढ्यावर त्या बरेच दिवस घुटमळल्या. मग एकेक करत टेकडीपलीकडे, नदीच्या अंगाला उतरू लागल्या. विमान जास्त दिवस येऊ लागलं. पण पक्कं काहीच नव्हतं.

आणि मग कळलं की बकरी ईदेच्या दिवशीच हरिभाऊंच्या कार्यालयात मोठं लग्न आहे. कंपनीचे लोकही नेमके त्याच सुमारास पाहणीला यायचे होते. आपटेसाहेबांनी कपाळाला हात लावला. "वा! दोन्ही पंगती एकाच दिवशी. आता घारींना आमंत्रणपत्रिका तेवढ्या छापायच्या राहिल्या."

ईदेच्या पहाटे आण्णा नवा सदरा घालून ट्रॅक्टर काढत होते. आई म्हणाली, "घाणीच्या कामाला नवा सदरा?" आण्णा म्हणाले, "त्यांचा सन हाय. जुनं घालून कसं जायाचं?" वाडीतले सगळे ट्रॅक्टर मोहल्ल्याच्या तोंडाशी उभे राहिले. नमाज झाली, गळाभेटी झाल्या, मुनीरचाचांनी आण्णांच्या सदऱ्याला अत्तराचा बोळा लावला. मग कुर्बानीनंतर गल्लीगल्लीतून झाकलेले पिंप बाहेर आले आणि ट्रॉल्या टेकडीमागे धावू लागल्या. खड्ड्यावर आमच्या वाडीची माणसं माती लोटत होती, त्या दिवशी मोहल्ल्यातल्या कुणाला त्यांनी फावड्याला हात लावू दिला नाही. दुपारी चित्र उलटं झालं. कार्यालयात पंगती उठत होत्या, आणि ईदेचे कपडे बदलून आलेली मोहल्ल्यातली पोरं पत्रावळी गोळा करत होती. नवरीचा बाप गोंधळून हरिभाऊंना विचारत होता, ही वाढपी मंडळी कुठली? हरिभाऊ म्हणाले, "घरचीच."

विमानाची वेळ झाली तशी सगळी माणसं वाडीच्या पिंपळाखाली जमली. कुणी बोलावलं नव्हतं. ऊन रणरणत होतं, वारा तापून वर चढत होता, आणि सगळ्यांच्या माना वर. नदीच्या बाजूला लांब एक घार दिसली. ती तिथेच फिरत राहिली. मग तो खर्ज लागला. पिंपळाची पानं थरथरली. पांढरं पोट आमच्या डोक्यावरून गेलं, चाकं टेकल्याचा तो चिरका आवाज आला, आणि मग इंजिनांचा उलटा घोष. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रशीदाचाचीने डोळे मिटून ओठ हलवले, आईने हात जोडले, आणि आण्णा नाक शिंकरत ट्रॅक्टरकडे गेले.

कंपनीचे लोक पाहणी करून गेले, हंगाम संपला, पण विमान बंद झालं नाही. रोज येऊ लागलं. पावसाळ्याआधी कंपनीने वस्त्यांसाठी दिल्लीची येण्याजाण्याची दोन तिकिटं पाठवली. कोण जाणार, यावर मारुतीच्या पारावर बैठक बसली. हरिभाऊ, आण्णा, मुनीरचाचा अशी नावं निघाली. तिघंही नको नको म्हणत सदरे झटकत होते. तेव्हा मुनीरचाचाच म्हणाले, "वढ्यात पहिल्यांदा कोण उतरलं होतं?" 

आई आणि रशीदाचाची दिल्लीला गेल्या. अख्खी वाडी, मोहल्ला आणि गाव कुंपणाला चिकटून उभं होतं. कुठल्या खिडकीत त्या आहेत, हे दिसणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही सगळ्याच खिडक्यांना हात केले.

परत आल्यावर आईने महिनाभर तेच सांगितलं. विमानात बसल्या बसल्या तिने तिथल्या मुलीला विचारलं होतं, आमची फुलं कुठं ठिवलीत? रशीदाचाचीने हिंदीत समजावून दिल्यावर ती मुलगी पायाखाली बोट दाखवून हसली. सगळा प्रवास आई पाय अवघडून बसली, फुलांवर पाय पडू नये म्हणून. "पर वास न्हाई आला गं जरा बी," एवढीच तिची तक्रार. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या तिथल्या फुलबाजारात गेल्या. एका व्यापाऱ्यासमोर आमची खोकी उघडी पडली होती. या कोण कुठल्या, त्याला काय ठाऊक? त्याने एक दांडा उचलून आईच्या हातात दिला आणि म्हणाला, सूँघ के देखो माताजी, पूना का है. "मला सांगतोय, वास घिऊन बगा!" आई पदर तोंडाला लावून हसायची. मग जरा थांबून म्हणायची, "पर खरं सांगू? तितं जरा जास्तच वास येत हुता."

नंतर जमिनी गेल्या. कुणी बिल्डरला दिल्या, कुणाच्या विमानतळात गेल्या. गुलछडी लोणी काळभोरकडे आणि आणखी पुढे सरकली. ओढ्यावर आधी मोठा पूल आला, मग स्लॅब. मुनीरचाचा गेले, त्यानंतर वर्षा-दीड वर्षात आण्णा गेले. मोहल्ला पांगला. रशीदाचाची मुलाकडे कोंढव्याला, आई माझ्याकडे कर्वेनगरला. कधी वाटतं, ते सगळं घडलं तरी का? पण मग तो वास येतो, चुन्याचा आणि कडुलिंबाचा आणि गुलछडीचा, तिन्ही एकदम, आणि शंका उरत नाही.

मोबाइल वाजला. "आई, बसले मी. विंडो मिळाली," लेक म्हणाली. जरा वेळाने इमारतीमागून विमान वर आलं, उन्हात चमकलं आणि उत्तरेला वळलं. ते ठिपका होईपर्यंत मी बघत राहिले. मग घरी निघाले.

आई जेवणघरात मेथी निवडत बसली होती. हल्ली तिला कमी ऐकू येतं, म्हणून मी समोर जाऊन बसले.

"गेली का?"

"गेली."

"येळेवर सुटलं?"

"अगदी वेळेवर."

आईने मान डोलावली. दोन काड्या निवडल्या. मग ओल्या हातानेच माझ्या मोबाइलकडे बोट केलं. "रशीदाला लाव."

मी नंबर लावून आवाज मोठा केला. आई जवळजवळ ओरडलीच, "रशीदा! पोरगी गेली गं दिल्लीला. इमान येळेवर सुटलं."

तिकडून रशीदाचाचीचा थकलेला, पण अजून खणखणीत आवाज आला, "सुटणारच की, भाभी. आपण काय उगीच खणलं होतं?"